एनएचएसने सत्तर वर्षं दिली, म्हणून होमिओपॅथी खरी?

खाजनकाठ

'घरगुती आरोग्य' नावाच्या कोणा महाभागाची एक पोस्ट सध्या गोव्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. ज्यांच्यापर्यंत आली नाही त्यांच्यासाठी गोषवारा: ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, होमिओपॅथी पहिल्या दिवसापासून होती. राजाचा डॉक्टर होमिओपॅथ होता. १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या होमिओपॅथी इस्पितळात इतरांच्या मानाने एक तृतीयांशच रुग्ण दगावले आणि ते आकडे सरकारने दाबले. सबब गोव्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात होमिओपॅथीचा स्वतंत्र विभाग काढावा, म्हणजे गोमेकॉवरचा (गोवा मेडिकल कॉलेजवरचा) भार हलका होईल.

यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर जवळजवळ सगळं खरं आहे, आणि माझं डोकं फिरलं ते त्यामुळेच. धडधडीत खोटं असतं तर पुसून टाकून झोपलो असतो.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. आरोग्यमंत्री बेव्हनने देशभरची इस्पितळं ताब्यात घेतली, त्यात लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल, ब्रिस्टल, टनब्रिज वेल्सची होमिओपॅथीवालीही आली. कोणी चाचण्या घेऊन, गुण येतो हे पाहून घेतली नाहीत. इमारत आली, खाटा आल्या, नर्सा आल्या, त्यांच्याबरोबर गोळ्याही आल्या. ब्रिटनची डॉक्टर संघटना आधीच बेव्हनच्या उरावर बसली होती, त्यात त्याला आणखी एक आघाडी उघडायची नसणार. १९५० मध्ये संसदेने फॅकल्टी ऑफ होमिओपॅथीचा कायदाही करून दिला. राजवैद्य सर जॉन वेअर होमिओपॅथ होते हेही खरं. सहाव्या जॉर्जने तर आपल्या घोडीचं नाव होमिओपॅथीच्या औषधावरून हायपेरिकम ठेवलं आणि १९४६ मध्ये ती वन थाउजंड गिनीजची शर्यत जिंकली. तो पुरावा धरायचा असेल तर माझी हरकत नाही.

आता कॉलरा. गोल्डन स्क्वेअरचं ते इस्पितळ, कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या प्रसिद्ध पंपापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथे मृत्यू १६ टक्क्यांच्या आसपास, इतर इस्पितळांत निम्म्याच्या घरात. सरकारी अहवालातून हे आकडे वगळले होते आणि संसदेत मागणी झाली तेव्हा ते बाहेर आले. वगळायला नको होते, मान्य. पण तेव्हाची 'ॲलोपॅथी' काय होती? कॅलोमेल, म्हणजे पारा. वर रक्त काढणं आणि जुलाब देणं. अंगातलं पाणी संपून मरणाऱ्या माणसाला जुलाब! अशा डॉक्टरासमोर काहीही न करणारा डॉक्टर जिंकणारच. कॉलऱ्यावर खरा उतारा सापडला तो मीठ, साखर आणि पाण्यात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तो पिंपातून पाजला आणि मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

पोस्टवाल्याने शेवट मात्र शिताफीने गाळला. २००९ मध्ये टनब्रिज वेल्स बंद. २०१० मध्ये खासदारांच्या विज्ञान समितीने सांगितलं की हे प्लासिबोपलीकडे, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपलीकडे, जात नाही, पैसे बंद करा. सरकारने तेव्हा ते मानलं नाही, निर्णय स्थानिक पातळीवर ढकलला. पण त्याच वर्षी लंडनच्या इस्पितळाने नावातून 'होमिओपॅथिक' काढून टाकलं. २०१७ मध्ये एनएचएस इंग्लंडने फॅमिली डॉक्टरांना हे लिहू नका म्हणून सांगितलं. २०१८ मध्ये त्याविरुद्ध होमिओपॅथीवाले कोर्टात गेले आणि हरले. म्हणजे ज्या दुकानाचं सर्टिफिकेट तुम्ही भिंतीवर लावताय त्याने तो माल विकणं बंद केलंय.

डॉक्टरबाय

मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर. साडेपाच वर्षं घालवून डिग्री घेतली आहे, व्हॉट्सॲपवर नाही मिळवली. आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी 'उघडं पाडलं' म्हणायला नको.

खाजनकाठ, ब्रिटनचा शेवट तुम्ही तारीखवार सांगितलात, मग स्वतःच्या देशाचा इतिहास का गिळलात? महेंद्रलाल सरकार हे कलकत्त्याचे एमडी, होमिओपॅथीची टर उडवण्यात सगळ्यांच्या पुढे. १८६७ मध्ये भर सभेत त्यांनी बाजू बदलली आणि डॉक्टर मंडळींनी त्यांना वाळीत टाकलं. याच माणसाने १८७६ मध्ये विज्ञान संशोधनाची ती संस्था काढली, जिथे पुढे रामन यांनी नोबेलचं काम केलं. हाही अडाणी का? आणि लांब कशाला, मंगळूरला जा. फादर म्युलर या जर्मन पाद्र्याने १८८० मध्ये गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना थाटला, आज तिथे ॲलोपॅथीचं मेडिकल कॉलेज उभं आहे. पाया कोणाचा?

१९७३ चा केंद्राचा कायदा, १९७५ ची कोलकात्याची राष्ट्रीय संस्था, १९९५ मध्ये वेगळं खातं, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आयुषचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे) डॉक्टर सरकारी केंद्रांत, २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान धारगळच्या आयुर्वेद इस्पितळाचं उद्घाटन करायला गोव्यात आले तेव्हा दिल्लीतल्या नरेलाच्या होमिओपॅथी संस्थेचं उद्घाटनही त्यांनी इथूनच केलं. इंग्रज सोडून गेले म्हणून आम्हीही सोडायचं, ही गुलामगिरी अजून किती वर्षं?

खाजनकाठ

पंतप्रधानांनी फीत कापली की औषध लागू पडतं, हे नव्याने कळलं.

सरकार मोठे होते यात वाद नाही. पण १८६७ मध्ये त्यांच्यासमोर पर्याय होता तो पारा आणि जळवांचा. त्या काळात मीही बाजू बदलली असती.

निवृत्त औषधवाला

मी आयुष्यभर फार्मसीच्या काउंटरमागे उभा होतो. दोन्ही बाजूंच्या बाटल्या विकल्या. ३० सी म्हणजे एकास शंभर असं पातळ करणं, एकामागून एक तीस वेळा. १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही बाटलीत उरण्याची शक्यता नसते. हे मी गिऱ्हाइकाला सांगायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मग त्याचा अपाय तरी कसा होईल, दोन बाटल्या द्या.

सत्तरीकार

रेणू गेला चुलीत. मी काय झालं ते सांगतो.

माझ्या आईच्या अंगावर पित्त उठायचं. गांधी, खाज, रात्रभर झोप नाही. सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत नेली. कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे तेच. पहाटेच्या बसने निघायचं, नंबर लावायचा, आणि अकराच्या सुमारास आत गेलं की समोरचा पोरगेला डॉक्टर मान वर न करता सेट्रिझिन लिहून द्यायचा. एकदाही पाठ बघितली नाही. आईने पदर बाजूला केला तर म्हणाला, नेक्स्ट.

मग कोणीतरी वाळपईला एका होमिओपॅथकडे पाठवलं. तो म्हाताऱ्याशी पाऊण तास बोलला. म्हणजे म्हातारीशी. झोप कशी, भीती कशाची वाटते, बाबा गेले तेव्हा रडलात का. आई बाहेर आली ती वेगळीच बाई होती. दोनेक महिन्यांत गांधी गेल्या त्या परत आल्या नाहीत. आता तुम्ही मला लंडनच्या समितीचा अहवाल वाचून दाखवा.

खाजनकाठ

दाखवतो. अंगावर उठणारं पित्त बहुतेकांचं कालांतराने आपसूक जातं. गोळी घेतली तरी, न घेतली तरी. आई बरी झाली याचा आनंद आहे, श्रेय कोणाला ते मात्र ठरलेलं नाही. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने होमिओपॅथीच्या ११० आणि ॲलोपॅथीच्या ११० चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर होमिओपॅथीचा गुण प्लासिबोएवढाच उरला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय परिषदेने तेच म्हटलं.

सत्तरीकार

११० चाचण्यांत एकाने तरी आईची पाठ बघितली का?

रात्रपाळी

मी एमबीबीएस आहे, सरकारी नोकरीत. तो 'पोरगेला डॉक्टर' मीही असू शकलो असतो, म्हणून लिहितोय. सकाळच्या ओपीडीत बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली असते. प्रत्येकाला पाऊण तास द्यायचा तर तुमच्या आईचा नंबर गणेश चवथीला लागला असता. होमिओपॅथकडे वेळ आहे कारण त्याच्याकडे हार्ट अटॅक येत नाहीत, आणि आलेच तर तो आमच्याकडे पाठवतो.

आणि मुद्द्याचं बोलू या. होमिओपॅथीवर वाद घालायला निदान होमिओपॅथी चालू तरी पाहिजे ना? गावातले तुमचे बीएचएमएस काय लिहितात ते बघा. ॲझिथ्रोसारखं अँटिबायोटिक, डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, स्टिरॉइडचं इंजेक्शन. सर्दीला ॲझिथ्रो! साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या असत्या तर मी हात जोडले असते, त्याने निदान जंतू तरी माजले नसते. १९९६ चा पूनम वर्मा खटला वाचा. मुंबईचा होमिओपॅथ, टायफॉइडला ॲलोपॅथीची औषधं, पेशंट दगावला. सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा.

डॉक्टरबाय

वाटच बघत होते. आता माझं ऐका.

इंटर्नशिप संपल्यावर मी एका खाजगी इस्पितळात आरएमओ, म्हणजे ड्युटीवरची निवासी डॉक्टर, होते. नाव घेत नाही. मालक एमडी, भागीदार एमएस, पाटीवर सगळ्या ॲलोपॅथीच्या डिग्र्या. रात्री आठनंतर त्या इमारतीत डॉक्टर म्हणून मी एकटी. सलाईन मी लावायचं, अँटिबायोटिक मी सुरू करायचं, 'साहेब' फोनवर डोस सांगणार आणि सकाळी येऊन माझ्या नोंदीखाली सही ठोकणार. एमबीबीएसला जो पगार द्यावा लागला असता त्याच्या निम्म्यातही नव्हते. तेव्हा कोणाला पूनम वर्मा आठवली नाही. मला ॲझिथ्रो लिहायला कोणी शिकवलं? तुमच्याच बिरादरीने. दिवसा आम्ही भोंदू आणि रात्री ड्युटी डॉक्टर!

रात्रपाळी

मालक लबाड म्हणून तुम्ही लिहायचं का? नाही म्हणायचं.

डॉक्टरबाय

घरी कर्ज होतं. तुम्ही म्हणून बघा 'नाही'.

सावंतवाडीकर

महाराष्ट्राने यावर तोडगा काढलाय. २०१४ मध्ये कायदा बदलला, बीएचएमएसने एक वर्षाचा सीसीएमपी (आधुनिक औषधशास्त्राचा) कोर्स केला की ठरावीक ॲलोपॅथी लिहिता येते. खेडोपाडी एमबीबीएस जात नाहीत, मग कोण जाणार? इथे फक्त रडारड. आणि जाता जाता, २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलंत ते कुठल्या वैज्ञानिक पुराव्यावर?

रात्रपाळी

तोडगा? आयएमए, आमची डॉक्टरांची संघटना, त्या कोर्सविरुद्ध अजून लढते आहे. साडेचार वर्षं फार्माकोलॉजी, मेडिसिन, सर्जरी शिकून वर वर्षभराची इंटर्नशिप करायची, आणि शेजारी एका वर्षात तेच पेन हातात? मग तेच वर्ष मला द्या, मी होमिओपॅथ होतो.

डॉक्टरबाय

व्हा की. रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायचा आमचा ग्रंथ, उघडलीत तर तीन दिवसांत पळाल. तुम्हाला 'तुम्हाला काय होतंय' एवढंच विचारायची सवय, आम्हाला पेशंट कुठल्या कुशीवर झोपतो तेही लिहावं लागतं.

रात्रपाळी

कुठल्या कुशीवर झोपतो त्यावरून न्यूमोनिया बरा करता?

डॉक्टरबाय

न्यूमोनिया मी पाठवते. मी पाठवलेली कागदं तुम्ही वाचता का, हा प्रश्न आहे. मागे एका बाईला टीबीचा संशय लिहून पाठवलं. त्या इस्पितळातल्या साहेबांनी माझं लेटरहेड बघून कागद बाजूला सारला आणि खोकल्याचं औषध दिलं. पुढे थुंकीच्या तपासणीत टीबीच निघाला.

मुरगावकर

मी दोन्ही पार्ट्यांचा नाही, फक्त आठवण करून देतो. मे २०२१. आपल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन घ्यायचं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, कोविड असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सौम्या स्वामिनाथन जाहीरपणे नको म्हणत होत्या. ते औषध होमिओपॅथीचं होतं का? जंताचं औषध संपूर्ण राज्याला द्यायला निघालेली ॲलोपॅथी कुठल्या तोंडाने पुरावा मागते?

खाजनकाठ

अहो, पण आयव्हरमेक्टिन चाचणीत घालता आलं, नापास झालं आणि संपलं. होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बमचं काय? आयुष मंत्रालयाने त्याचं पत्रक काढलं २९ जानेवारी २०२० ला. देशात पहिला कोविड रुग्ण सापडला ३० जानेवारीला. रोग यायच्या आधीच प्रतिबंधक तयार! पुढे आमच्या पंचायतीत त्याच्या बाटल्या वाटल्या, आणि ज्याने घेतल्या तो 'मला झाला नाही' म्हणून अजून सांगतो. ज्यांना झाला ते सांगायला येत नाहीत.

मुरगावकर

संपलं कसं? माझ्या काकांनी ते पाच दिवस गिळलं आणि लस घ्यायचं पुढे ढकललं. सरकारने दिलंय म्हणजे पुरे, असं म्हणून. चाचणीत नापास व्हायच्या आधीच घराघरात पोचलं होतं ते.

रात्रपाळी

मुरगावकरांचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. तेव्हा वॉर्डात आम्हाला श्वास घ्यायला उसंत नव्हती, आणि वरून तो फतवा. पण डॉक्टरबाय, तुम्ही यावरून खूश होऊ नका. आमची घाण दाखवून तुमचं अंगण झाडलं जात नाही.

डॉक्टरबाय

खूश कोण आहे? आर्सेनिक अल्बम वाटपाचं मलाही पटलं नव्हतं. होमिओपॅथीत प्रत्येकाला वेगळं औषध, हा पायाच. सगळ्या गावाला एकच बाटली दिली की ती आमची राहिली कुठे? आमच्यातले काही म्हणतील, साथीत एक सामाईक औषध चालतं, होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनीच सांगितलंय. म्हणू देत. पण एनएचएसने काढली म्हणून नाचणाऱ्यांनी स्वित्झर्लंडही सांगावं. २००५ मध्ये तिथल्या सरकारने सक्तीच्या आरोग्य विम्यातून काढली, २००९ मध्ये जनमत घेतलं तर दोन तृतीयांश लोक पर्यायी उपचारांच्या बाजूने, आणि २०१७ पासून ती कायमची आत.

खाजनकाठ

आणि फ्रान्स? होमिओपॅथीचा बालेकिल्ला. सरकार गोळ्यांचे पैसे परत द्यायचं, ते ३० टक्क्यांवरून १५ वर आणलं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. मतदानाने विमा मिळतो, बाटलीत रेणू येत नाही.

मुळात विषय एवढाच होता की सरकारी व्यवस्थेत एखादी गोष्ट किती वर्षं टिकली यावरून ती लागू पडते हे कळत नाही. इमारतीपायी टिकते, राजाच्या लोभापायी टिकते. ब्रिटनला पैसे मोजायची वेळ आली तेव्हा कळलं. तुम्ही सगळे आरएमओच्या पगारात घुसलात.

सत्तरीकार

कारण तोच विषय आहे, सायबा. लंडनला इस्पितळ चालू की बंद याने आमच्या केंद्रावर रात्री कोण बसतं ते ठरत नाही.

निवृत्त औषधवाला

खाजनकाठ, टिकण्याची आणखी एक बाजू बघा. १८ जून १९७२ ला हीथ्रोजवळ विमान पडलं, ११८ जण गेले. त्यात लंडनच्या त्याच होमिओपॅथी इस्पितळाचे १६ डॉक्टर आणि वरिष्ठ कर्मचारी. इस्पितळाची वरची फळीच कापली गेली, तरी एनएचएसने तिथली होमिओपॅथी आणखी ४५ वर्षं चालवली. नुसत्या राजाच्या लोभाने एवढं होत नाही. तिथे रोज पेशंट येत होते, ज्यांचं दुसरीकडे कोणी ऐकत नव्हतं. गोळीत काही नाही हे मी तुमच्याआधीपासून सांगतोय. पण गोळी काढून घेताना तो पाऊण तासही काढून घेतला, त्याची सोय कोणी केली?

खाजनकाठ

हे मात्र मला खोडता येत नाही. खोडावंसं खूप वाटतंय.

रात्रपाळी

पाऊण तास मला द्या की. पाऊण कशाला, वीस मिनिटं द्या. मीही विचारीन बाबा गेले तेव्हा रडलात का.

डॉक्टरबाय

तुम्ही विचाराल? बरं. मग आरोग्य केंद्रात मला बसवा. साखर, रक्तदाब तपासते, टीबीची औषधं चुकवणाऱ्यांच्या मागे लागते, बोलते. अँटिबायोटिक लिहीत नाही, तुम्हाला बोलावते. तुम्ही माझा कागद वाचायचा. 'होमिओपॅथीचा विभाग' अशी पाटी नसली तरी चालेल मला, पगार मात्र तुमच्याएवढा.

रात्रपाळी

माझ्याएवढा? स्वप्नं बघायला कर नाही. कागद वाचीन.

सावंतवाडीकर

गोमेकॉच्या शुल्काचं उत्तर अजून मिळालं नाही.

मुरगावकर

पात्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात या, मग देतो.

निवृत्त औषधवाला

भांडण पुरे असेल तर कामाचं सांगतो. आरोग्य खात्याला माहिती अधिकारात विचारता येईल: किती केंद्रांत आयुषचे डॉक्टर आहेत, ते रोज किती रुग्ण तपासतात, होमिओपॅथीच्या औषधांवर वर्षाला किती खर्च, आणि एमबीबीएसच्या किती जागा रिकाम्या आहेत. दहा रुपयांचा अर्ज.

डॉक्टरबाय

त्यात घाला, रात्री केंद्रावर प्रत्यक्ष कोण असतं आणि त्याची डिग्री काय.

रात्रपाळी

'प्रत्यक्ष' लिहू नका. हजेरीपटाची प्रत मागा, दर महिन्याची. नाहीतर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येईल.

सत्तरीकार

मसुदा इथे टाका. आमच्या तालुक्यापुरता अर्ज मी करतो, बाकीचे तालुके वाटून घ्या.

मुरगावकर

मुरगाव माझा. सावंतवाडीकरांना फुकट प्रत.